फोटोतला घोडा मेलेला होता, मग शिक्षा कशाची?

२७ फेब्रुवारी २०२१, शनिवार. समाजमाध्यमांवर एक फोटो फिरू लागला. सरावाच्या धावपट्टीवर एक घोडा आडवा पडलाय आणि त्याच्या अंगावर दोन्हीकडे पाय टाकून एक माणूस बसलाय. एका हाताने फोन कानाला लावलेला, दुसऱ्या हाताची दोन बोटं कॅमेऱ्याकडे, चेहऱ्यावर हसू. घोडा मेलेला आहे. वर बसलेला माणूस म्हणजे आयर्लंडमधला नावाजलेला ट्रेनर गॉर्डन एलियट.

दुसऱ्याच दिवशी एलियटने फोटो खरा असल्याचं कबूल केलं. त्यानंतरच्या आठवड्यात त्याची सुनावणी झाली, परवाना गेला, ब्रिटनची दारं बंद झाली, जाहिरातीचा करार तुटला आणि लाखो पौंडांचे घोडे ट्रकमध्ये चढून दुसऱ्यांच्या तबेल्यात गेले. त्या दिवसांत ‘क्रूरता’ हा शब्द सर्रास वापरला गेला. पण एलियटवर क्रूरतेचा आरोप ठेवलाच गेला नाही, आणि ठेवता येण्यासारखाही नव्हता. मग शिक्षा झाली ती कशाची, कोणी केली, आणि जिवंत घोड्यांच्या भल्याशी तिचा संबंध किती? हे नीट समजून घ्यायचं तर आधी शर्यतींच्या धंद्याची रचना पाहावी लागते.

ट्रेनर म्हणजे नेमका कोण

शर्यतीचा घोडा मालकाचा असतो, पण राहतो ट्रेनरकडे. मालक महिन्याच्या महिन्याला फी भरतो. ट्रेनर घोड्याला जागा देतो, चारतो, रोज सकाळी धावपट्टीवर पळवून घेतो, कोणत्या शर्यतीत कधी उतरवायचा ते ठरवतो, जॉकी ठरवतो. खरारा करणारे मोतद्दार, सकाळी घोडे फिरवणारे स्वार, नालबंद, डॉक्टर अशी सगळी माणसं त्याच्या भोवती असतात. मालक महिनोन्महिने फिरकला नाही तरी चालतं. घोड्याचा रोजचा दिवस ट्रेनरच्या हातात असतो.

एलियट यातला मोठा माणूस. आयर्लंडच्या मीथ काउंटीत कलेन्ट्रा हाउस हा त्याचा तबेला, तिथे दोनशेच्या घरात घोडे. तो अडथळ्यांच्या शर्यतींतला ट्रेनर, म्हणजे घोडे नुसते पळत नाहीत, वाटेत कुंपणं ओलांडतात. ‘हर्डल’ प्रकारात अडथळे हलके, साडेतीन फुटांच्या आसपास. ‘चेस’ प्रकारात भक्कम, साडेचार फूट किंवा त्याहून उंच. २००७ मध्ये त्याने तयार केलेल्या सिल्व्हर बर्च या घोड्याने ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली मोठी शर्यत जिंकली तेव्हा तो २९ वर्षांचा होता. २०१६ मध्ये डॉन कोसॅकने इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा गोल्ड कप दिला. २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं टायगर रोलने ग्रँड नॅशनल मारली.

फोटोतला घोडा मॉर्गन. गिगिन्सटाउन हाउस स्टड या बड्या मालकाचा. तो २०१९ मध्ये सरावात मेला आणि फोटोही तेव्हाचाच. म्हणजे बाहेर येईपर्यंत तो कुणाच्या तरी फोनमध्ये दोनेक वर्षं पडून होता.

‘हार्ट अटॅक’ म्हणजे माणसासारखा नव्हे

एलियटच्या म्हणण्यानुसार घोडा हार्ट अटॅकसारख्या कारणाने धावपट्टीवरच गेला. बातम्यांमध्ये हाच शब्द राहिला, पण तो फसवा आहे. माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचून अडथळा होतो तसं घोड्यांत क्वचितच आढळतं. सरावात किंवा शर्यतीत घोडा अचानक कोसळतो तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक झालेलं असतं: हृदयाच्या ठोक्यांची लय एकाएकी बिघडते, किंवा मोठी रक्तवाहिनी फुटून आतल्या आत रक्तस्राव होतो. फुप्फुसातला जबर रक्तस्राव हेही एक कारण. लय बिघडून मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनात हृदय धडधाकट दिसतं, म्हणून अशा कित्येक मृत्यूंपुढे ‘कारण सापडलं नाही’ असंच लिहावं लागतं.

घोड्याचं हृदय चार-पाच किलोचं असतं. तो उभा असताना मिनिटाला ३० ते ४० ठोके पडतात, भरधाव पळताना २२० च्या वर. इतक्या मोठ्या पट्ट्यात चालणारं यंत्र कधीतरी दगा देतं, अगदी उत्तम निगा राखलेल्या घोड्यातही. त्यामुळे ‘घोडा सरावात मेला’ एवढ्यावरून ट्रेनरला दोषी धरता येत नाही. मॉर्गनच्या बाबतीत तसा आरोप कुणी केलाही नाही.

घोडा कोसळल्यावर काय व्हायला हवं

फोटो का खुपला हे कळायला त्या वेळी तिथे काय चाललेलं असायला हवं होतं ते माहीत पाहिजे. घोडा कोसळतो तो काही सेकंदांत: चाल अडखळते, मागचे पाय लटपटतात, तोल जातो. स्वाराने पाय रिकिबीतून काढून बाजूला उडी टाकायची, कारण अंगावर ४५० ते ५०० किलोचा देह येणार असतो. मागून येणाऱ्या स्वारांनी आपले घोडे थांबवून शक्य तर दुसऱ्या वाटेने परत न्यायचे. पडलेल्या घोड्यापाशी दुसरे घोडे बिथरतात, आणि एका अपघाताचे दोन व्हायला वेळ लागत नाही.

घोडा गेला आहे हे डॉक्टर ठरवतो. जबड्याखालची नाडी, डाव्या कोपरामागे हृदयाचा आवाज, डोळ्याच्या बुबुळाला हलका स्पर्श केल्यावर पापणी हलते का, एवढं तपासायचं. कोसळलेला पण जिवंत घोडा शेवटच्या क्षणी पाय झाडतो आणि त्या लाथेने माणूस मरू शकतो, म्हणून पायांच्या बाजूने जायचं नाही. मृत्यू नक्की झाल्यावर खोगीर आणि लगाम काढायचे, अंगावर ताडपत्री घालायची. मग मालकाला फोन. घोड्याचा विमा असेल तर विमा कंपनीला लगेच कळवायचं, कारण देह हलवण्याआधी त्यांना शवविच्छेदन हवं असू शकतं.

युरोपीय संघातल्या घोड्याच्या मानेत सहसा मायक्रोचिप असते आणि त्याच्या नावाचा पासपोर्ट असतो. घोडा मेला की पासपोर्ट जिथून मिळाला तिथे परत करावा लागतो. देह शेतात परस्पर पुरणं आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय चालत नाही. मृत जनावरं उचलणाऱ्या अधिकृत केंद्राची गाडी बोलवावी लागते. तो देह दोरीच्या चरकाने गाडीवर ओढून चढवतात. हे दृश्य चांगलं नसतं. त्या घोड्याला रोज खरारा करणाऱ्या मुला-मुलींना आधी तिथून दूर न्यावं, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नसलं तरी शहाणा ट्रेनर ते करतो.

या सगळ्यात गाडी येईपर्यंतचा वेळ रिकामा असतो. फोटो त्याच वेळातला. एलियटने सांगितलं ते असं: देह हलवायला मदत करावी म्हणून तो घोड्यापाशी उभा होता, तेवढ्यात फोन आला, तो विचार न करता खाली बसला, आणि कुणीतरी हाक मारली तेव्हा ‘थांब, बोलणं संपू दे’ अशी खूण केली. हे जसंच्या तसं खरं मानलं तरी प्रश्न उरतोच. तो घोड्यावर बसला, शेजारी नव्हे.

कायदा काय म्हणतो, नियम काय म्हणतो

आयर्लंडमध्ये प्राण्यांचं आरोग्य आणि हित यांसाठी २०१३ चा कायदा आहे. प्राण्याला विनाकारण वेदना दिल्या तर अडीच लाख युरोपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हा कायदा वेदनेभोवती उभा आहे, आणि मेलेल्या घोड्याला वेदना होत नाहीत. त्यामुळे क्रूरतेचा खटला तिथेच संपतो.

शर्यतींचे नियम मात्र वेगळे. ते पाळले जातात की नाही हे पाहायला आयरिश हॉर्सरेसिंग रेग्युलेटरी बोर्ड आहे. आधी हे काम टर्फ क्लब ही जुनी संस्था करायची, २०१८ पासून ते त्याच्याकडे आलं. परवाना देणारं, तपासणारं आणि काढून घेणारं मंडळ हेच. परवाना घेताना ट्रेनर या मंडळाची नियमावली मान्य करतो, आणि तिच्यात एक ऐसपैस कलम आहे: खेळाची सचोटी, शिस्त आणि नावलौकिक यांना बाधा येईल असं वागू नये. एलियटला शिक्षा झाली ती या कलमाखाली.

५ मार्चला सुनावणी झाली. समितीने वापरलेली भाषा कडक होती. घोडा मेल्यानंतरही तो ट्रेनरच्याच ताब्यात असतो, आणि त्या वेळी त्याच्याबद्दल जराही आदर दाखवला गेला नाही, असा तिचा रोख होता. त्याच वेळी फोटो बाहेर येण्यामागे एलियटविरुद्धचा ठरवून केलेला हल्ला असल्याचंही समितीने नोंदवलं, पण त्यामुळे फोटोत जे दिसतं ते पुसलं जात नाही, अशी भूमिका घेतली. शिक्षा ठरली बारा महिन्यांची. त्यातले शेवटचे सहा महिने स्थगित, म्हणजे प्रत्यक्षात सहा, वर खर्चापोटी १५,००० युरो. एलियटने निकाल स्वीकारला. बंदी ९ मार्चपासून सुरू झाली.

‘नावलौकिकाला बाधा’ हे कलम जगातल्या बहुतेक खेळांत आहे आणि त्याच्यावर टीकाही सगळीकडे एकच होते: ते रबरासारखं ताणता येतं. घोड्यांच्या शर्यतींत मात्र त्याला वजन आहे, कारण या खेळात एक खेळाडू असा आहे ज्याला ‘खेळायचं का?’ असं कुणी विचारलेलं नसतं. लोक शर्यती चालू देतात ते एका मूक समजुतीवर: घोडे मरतात, पण त्यांना सांभाळणाऱ्यांना त्याचं काहीतरी वाटतं. फोटोने नेमकी ती समजूत मोडली. शर्यतींना विरोध करणाऱ्यांना वर्षानुवर्षं जे पटवून देता आलं नव्हतं ते एका फोटोने पटवलं, आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त चिडले ते शर्यतीच्या आतले लोक.

बंदी आली म्हणजे प्रत्यक्षात काय होतं

‘सहा महिने बंदी’ हे ऐकायला सोपं वाटतं. व्यवहारात त्यातून पाच-सहा धागे सुटतात आणि सगळे एकाच आठवड्यात गोळा करावे लागतात.

परवाना माणसाच्या नावावर असतो, तबेल्याच्या नाही. त्यामुळे तो गेला की तबेल्यातला एकही घोडा त्या नावाने शर्यतीत उतरू शकत नाही. घोडे मात्र खात राहतात, त्यांना रोज फिरवावं लागतं, मोतद्दारांचे पगार द्यावे लागतात. मग दोन रस्ते. एक, दुसऱ्या परवानाधारकाने त्याच जागेत तबेला चालवायला घ्यायचा. दुसरा, मालकांनी घोडे उचलून न्यायचे.

कलेन्ट्रामध्ये दोन्ही झालं. डेनीज फॉस्टर या छोटा तबेला चालवणाऱ्या, आधीपासून परवाना असलेल्या ट्रेनरच्या नावावर कलेन्ट्राचे घोडे आले. अशा वेळी मंडळाला एकच धास्ती असते: बदली ट्रेनर कागदावर आणि खरा ट्रेनर फोनवर. हे पकडायला घोड्यांच्या नावनोंदण्या कोण करतंय, मालकांची बिलं कुणाच्या नावाने निघताहेत, सकाळच्या सरावात हुकूम कोण देतंय, हे बघावं लागतं. सकाळी सहाच्या सुमारास न कळवता जाऊन उभं राहणं हा त्यावरचा खात्रीचा उपाय.

इथे शिक्षेच्या दोन पायऱ्यांतला फरकही समजून घ्यायला हवा, कारण बातम्यांत तो हरवतो. परवाना निलंबित होणं ही एक गोष्ट. मुदत संपली की परवाना परत मिळतो. ‘अपात्र’ ठरणं ही त्याहून जड. अपात्र माणसाला रेसकोर्सच्या दारातून आत जाता येत नाही, परवाना असलेल्या तबेल्यात पाय ठेवता येत नाही, स्वतःच्या नावावर शर्यतीचा घोडा ठेवता येत नाही.

ब्रिटनच्या मंडळाने तर आयर्लंडच्या सुनावणीची वाटही पाहिली नाही. १ मार्चलाच त्यांनी चौकशी होईपर्यंत एलियटच्या नावाने घोडे ब्रिटनमध्ये उतरवायला मनाई केली. हे सगळं फेब्रुवारी-मार्चमध्ये घडलं याला महत्त्व आहे. चेल्टनहॅमचा महोत्सव १६ मार्चपासून होता आणि अडथळ्यांच्या शर्यतींच्या दुनियेत वर्षाची कमाई त्या चार दिवसांभोवती फिरते. १ मार्चलाच बेटफेअर या पैजा घेणाऱ्या कंपनीनेही एलियटला आपला चेहरा म्हणून वापरणं बंद केलं.

२ मार्चला चेव्हली पार्क स्टड या मालकाने आपले घोडे काढून घेत असल्याचं जाहीर केलं. त्यात एनव्हॉय ॲलन होता, ४ लाख पौंडांना विकत घेतलेला आणि तोवर एकही शर्यत न हरलेला. तो आणि क्विलिक्सिओस वॉटरफर्ड काउंटीत हेन्री डी ब्रोमहेडकडे गेले, सर गेरहार्ड कार्लो काउंटीत विली मलिन्सकडे. मोठ्या शर्यतीला दोन आठवडे असताना घोडा हलवणं जोखमीचं असतं. घोड्याचं पोट बदलाला नाजूक. खुराक एकदम बदलला तर पोटशूळ उठतो, म्हणून जुन्या तबेल्यातलं गवत आणि दाणा बरोबर न्यायचा आणि सात ते दहा दिवसांत थोडाथोडा बदलायचा. अनोळखी पाणी घोडे कमी पितात, तेव्हा बादली रिकामी होते का ते मोजायचं. प्रवासानंतर दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा. नव्या स्वाराला घोडा तोंडाने कसा आहे, कुठे दचकतो, हे सांगायला जुना मोतद्दार सोबत गेला तर निम्मं काम झालं. मालक रागाने निर्णय घेतो तेव्हा घोड्याला हे सगळं सोसावं लागतं, आणि ‘प्राण्यांच्या हितासाठी’ घेतलेल्या निर्णयांत ही बाजू क्वचितच बोलली जाते.

चेल्टनहॅममध्ये काय झालं? सर गेरहार्ड जिंकला. क्विलिक्सिओस जिंकला. एनव्हॉय ॲलन एका कुंपणावर पडला. ते जागा बदलल्यामुळे झालं असं म्हणायला आधार नाही, चांगले घोडेही पडतात. फॉस्टरच्या नावावर कलेन्ट्राचे तीन घोडे जिंकले: ब्लॅक टिअर्स, माउंट आयडा आणि म्हातारा होत चाललेला टायगर रोल. म्हणजे यंत्र चालू राहिलं, पाटीवरचं नाव तेवढं बदललं. यावरून बंदी फुसकी होती असं काहींनी म्हटलं. मार्च-एप्रिलचे मोठे दिवस एलियटच्या हातून गेले हे खरं, पण मे ते सप्टेंबर हा अडथळ्यांच्या शर्यतींचा मंद काळ आणि त्याच्या मोसमाची खरी सुरुवात ऑक्टोबरात. सहा महिन्यांची शिक्षा कोणत्या महिन्यांत पडते यावर तिची धार ठरते.

त्याच मंडळाने, त्याच हिवाळ्यात

आता यातली सगळ्यांत अवघड गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे हा फोटो बाहेर येण्याच्या थोडंच आधी, याच मंडळाने ट्रेनर चार्ल्स बर्न्स यांचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित केला होता. प्रकरण ऑक्टोबर २०१८ चं. ट्रामोरच्या शर्यतीत व्हायकिंग होर्ड हा त्यांचा घोडा आपसूक मागे पडला आणि त्याला थांबवावं लागलं. तपासणीत गुंगीच्या औषधाचा अंश सापडला, तोही आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या शंभर पट. औषध होतं एसीपी. डॉक्टर ते बिथरणाऱ्या घोड्याला शांत करायला वापरतात. त्याने रक्तदाब उतरतो, हालचाल सुस्त होते. अशा अवस्थेत घोड्याला भरधाव पळवत कुंपणांवरून नेणं म्हणजे घोडा आणि जॉकी दोघांचाही जीव टांगणीला लावणं. हा घोडा हरेल यावर बेटिंग एक्स्चेंजवर, म्हणजे लोक एकमेकांशी पैजा लावतात त्या ऑनलाइन बाजारात, पैसे लागल्याचंही समोर आलं.

औषध बर्न्स यांनी दिलं असं मंडळाने म्हटलं नाही. दोष निष्काळजीपणाचा होता: रेसकोर्सच्या तबेल्यात घोडा काही वेळ एकटा सोडला गेला आणि कुणीतरी ती संधी साधली. शर्यतीच्या दिवशी घोड्याजवळ माणूस हवाच, ही साधी वाटणारी शिस्त इथे कामाला येते. एक जण चहाला गेला तर दुसरा उभा. पाण्याची बादली आपली, आपणच भरलेली. शेजारच्या खणातल्या मोतद्दाराला ‘जरा बघ’ म्हणून जायचं नाही.

आता दोन्ही शिक्षा शेजारी ठेवा. जिवंत घोडा गुंगीत कुंपणांवर सोडला गेला: सहा महिने. मेलेल्या घोड्यावर माणूस बसला: प्रत्यक्षात सहा महिने. एका ठिकाणी निष्काळजीपणा होता, दुसऱ्या ठिकाणी स्वतःचं कृत्य, हा फरक मान्य. तरीही घोड्याच्या बाजूने पाहिलं तर तराजू सरळ दिसत नाही. त्याचं कारण नियमाच्या रचनेत आहे. नावलौकिकाचं कलम नुकसान मोजतं ते खेळाचं, आणि ते किती झालं हे लोक किती चिडले यावरून ठरतं. व्हायकिंग होर्डचा फोटो नव्हता.

याचा अर्थ एलियटला सोडायला हवं होतं असा नाही. ज्या हातात दोनशे घोडे द्यायचे त्या हाताला मेलेल्या घोड्याचीही चाड हवी, ही अपेक्षा रास्त आहे. फक्त अशा शिक्षेला ‘प्राणीहिताचा विजय’ म्हणताना जरा जपून.

जे फोटोत येत नाही

ट्रेनर घोड्याला खरोखर इजा करतो तेव्हा ती बहुधा चार भिंतींआड असते. ऑस्ट्रेलियातला डॅरेन विअर २०१५ ची मेलबर्न कप जिंकलेला ट्रेनर. ३० जानेवारी २०१९ ला पोलिसांनी त्याच्या तबेल्यांवर छापे टाकले तेव्हा तीन ‘जिगर’ सापडले. आपल्याकडे जिगर म्हणजे हिंमत. तिकडे जिगर म्हणजे बॅटरीवर चालणारं, मुठीत मावणारं विजेचा झटका देणारं यंत्र. वापरण्याची पद्धत अशी: सरावात घोड्याला झटका देताना सोबत एखादी ठरावीक खूण जोडायची, म्हणजे डोळ्यांवर झापडं चढवणं किंवा मानेच्या एखाद्या जागी दाबणं. काही दिवसांनी यंत्राची गरजच उरत नाही. शर्यतीच्या दिवशी नुसती खूण झाली की घोडा भीतीने सुसाट सुटतो. रक्ताच्या चाचणीत काही सापडत नाही, कातडीवर वळ उठत नाही. तबेल्यातलं माणूस बोललं किंवा छापा पडला तरच हे बाहेर येतं. विअरला चार वर्षं अपात्र ठरवलं गेलं.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या न्यूमार्केटचं. एप्रिल २०१३ मध्ये गोडॉल्फिन या जगातल्या सर्वांत श्रीमंत तबेल्यांपैकी एकात ब्रिटिश मंडळाने ४५ घोड्यांचे नमुने घेतले. ११ घोड्यांत स्नायू वाढवणारी स्टेरॉइड सापडली. ट्रेनर महमूद अल झरूनी याला आठ वर्षांची बंदी आली. स्टेरॉइडमध्ये मेख अशी की औषध शरीरातून निघून जातं पण कमावलेले स्नायू राहतात. शर्यतीनंतर घेतलेला नमुना स्वच्छ, आणि फायदा घोड्याच्या अंगावर. भरीला वाढलेल्या ताकदीचा भार पडतो तो पायांच्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) आणि सांध्यांवर, जे त्या वेगाने मजबूत झालेले नसतात.

म्हणून खरी तपासणी शर्यतीबाहेर, न सांगता, तबेल्यात जाऊन करावी लागते. लघवी आणि रक्त नजीकचा काळ सांगतात. आयाळ किंवा शेपटीचा केस मागचे महिने सांगतो: तो महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे लांब केसाचे तुकडे पाडून तपासले की औषध साधारण कधी दिलं गेलं याचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करतात. पहिल्यात काही सापडलं तर ट्रेनरला दुसरा भाग वेगळ्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा हक्क असतो. दोन्ही जुळले की औषध कसं आलं हे सांगण्याची जबाबदारी ट्रेनरवर येते. ‘मला माहीत नव्हतं’ हे बचावासाठी सहसा पुरत नाही. घोडा त्याच्या ताब्यात, म्हणजे जबाबदारीही त्याची.

परतल्यावर

सप्टेंबर २०२१ मध्ये एलियटची बंदी संपली आणि त्याचं नाव पुन्हा शर्यतींच्या पत्रकावर आलं. गिगिन्सटाउनने, म्हणजे ज्यांचा मॉर्गन होता त्या मालकांनी, त्याला मधल्या काळात सोडलं नव्हतं. गिगिन्सटाउनचे मालक मायकेल ओ’लिअरी त्याच्या पाठीशी उभे राहिले. एनव्हॉय ॲलन मात्र कलेन्ट्राला परतला नाही. २०२३ च्या चेल्टनहॅममध्ये डी ब्रोमहेडचा घोडा म्हणून त्याने रायनेअर चेस जिंकली. त्या शर्यतीचे प्रायोजक ओ’लिअरींचीच विमान कंपनी.